मनगटावरचा पट्टा

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी शेवंतीबाईंनी सुनेचं पोट बांधायला घेतलं.

"हात वर कर गो, अनुजा. श्वास सोड."

अनुजाचे सासरे लालबागच्या गिरणीत होते तेव्हाचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड. तिचा नवरा हितेंद्र झाला तेव्हा शेवंतीबाईंचं पोटही त्यानेच आवळलेलं. निळे पट्टे आता विटून राखाडी झाले होते. वेढ्यावर वेढा बसत गेला, पण अनुजाला त्याचंही धड काही कळेना. बाळंतपणापासून सगळंच असं, जाड गोधडीच्या पलीकडून.

"घट्ट झालो पट्टो?"

"हो." हो म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, एवढं ती शिकली होती.

"आता पोराच्या हातातलो तो हॉस्पिटलाचो पट्टो काप. उद्या काळ्या मण्यांच्यो मनगट्यो खय घालू?"

"नको, आई."

"अगो, घरी आणून इतके दिस झाले. आता कोण बदलतलो त्याका?"

बाळाच्या आणि अनुजाच्या मनगटावर एकाच नंबरचे प्लास्टिकचे पट्टे होते. पाजायला घेताना दर वेळी ती ते नंबर जुळवून बघायची. कुशीत घेतलं की कळतं म्हणे. तिला काहीच कळलं नव्हतं. ती उठायची, पाजायची, लंगोट बदलायची, श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. पण हे माझं, असं आतून काही येत नव्हतं. ते फक्त त्या पट्ट्यावर लिहिलेलं होतं. तो कापला की उरणार काय? आणि हे सांगायचं कुणाला? हितेंद्रला तर नाहीच.

बाळ रडायला लागलं. नंबर बघायला तिने त्याचा पट्टा फिरवला, तर तो फिरेना. मनगट भरलं होतं. कडेखाली लाल वळ उठला होता.

"आई, कात्री द्या."

"पोराक हय दी, मी कापतंय."

"नको. मीच."

कातडी आणि पातं यांच्यामध्ये तिने स्वतःचं बोट सरकवलं. टोक लागलंच तर तिला लागलं असतं. कट्. पट्टा गादीवर पडला. आतून काही आलं नाही. लाल वळ पुसट होईपर्यंत ती अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली.

"आणि तुझो? तुका कोण चोरून नेतलो?" शेवंतीबाई हसल्या.

"माझा राहू दे," अनुजा म्हणाली, आणि तिने बाळाला पाजायला घेतलं. या वेळी जुळवायला काही नव्हतं.