जबड्यातला ऑस्बर्ट

चर्चच्या भिंतीवर आम्ही काढलेल्या नरकाच्या जबड्यात, खालच्या सुळ्यापाशी, पाद्रीबुवांनी काठी टेकवून माझ्या चितारी नवऱ्याला, वॉरिनला, सांगितलं. "इथे ऑस्बर्ट. नाक वाकडंच काढ, म्हणजे कुणी विचारायला नको."

पाणचक्कीवाल्या ऑस्बर्टने त्या वसंतात आपल्याच तळ्यात जीव दिला होता. जीव देणं म्हणजे पाप, म्हणून त्याला चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही, चौरस्त्यावर पुरला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको अ‍ॅमिस आमच्या रंगाच्या परातीपाशी येऊन उभी राहिली. "वॉरिनभाऊ, दर रविवारी मला याच्यासमोर उभं राहायचंय."

"बाई, मी नाही काढला तर दुसरा कुणी काढेल," माझा नवरा म्हणाला. मग थोडं थांबून, "काही वर्षं कळ काढ. तो दिसेनासा होईल. कसा, ते विचारू नकोस."

ती गेल्यावर त्याने मला शिशाचा शेंदूर खलायला सांगितला.

"भिंतीवर शेंदूर? काळा पडेल."

"म्हणूनच."

बाकीचे पापी आम्ही गेरूत काढले. एकटा ऑस्बर्ट शेंदराचा. त्याच्या पाठीमागचा जबड्याचा घसा काजळीने रंगवलेला होता. काळ्यात काळं मिसळून जाईल, असा हिशेब.

सहा वर्षांनी छप्पर गळून त्याच भिंतीवरच्या देवदूताचा पंख खराब झाला, म्हणून आम्हाला पुन्हा बोलावलं. जबड्यापुढे मेणबत्त्या होत्या आणि शेजारच्या गावची माणसं गुडघे टेकून बसली होती.

"ऑस्बर्टचे आधी पाय भाजले," घंटा वाजवणारा म्हातारा हिल्डरिक त्यांना सांगत होता. "मग पोट. गेल्या नाताळात तोंडाचा कोळसा झाला. आणि चित्रात त्याच्या शेजारची ही दारूवाली बघा, मापात पाप करणारी, अजून गुलाबी. हिची आत कुणाशी तरी ओळख असणार."

वॉरिन शिडीला धरून उभा राहिला. पंखाकडे त्याने पाहिलंही नाही.

माणसं गेल्यावर अ‍ॅमिस आली. हातात बादली आणि फडकं. ओल्या फडक्याने तिने त्या काळ्या डागाचा कपाळाकडचा भाग हलकेच टिपला.

"रोज सकाळी येते," ती मला म्हणाली. "थोडं तरी गार वाटत असेल ना गं, ताई?"

वॉरिन रंगांच्या पिशवीकडे वळला. बोलले ते मीच.

"अ‍ॅमिस, तो जळत नाहीये. तो रंग आहे. शिशाचा शेंदूर भिंतीवर काळा पडतो. ओल लागली की जास्तच."

ती हातातल्या फडक्याकडे बघत राहिली. पाणी थेंब थेंब करून फरशीवर पडत होतं.

"म्हणजे हे मी केलं."

"आम्ही केलं. तू घाई केलीस, इतकंच."

"तो पुरता दिसेनासा व्हायला किती राहिलंय?"

मी जवळ जाऊन पाहिलं. घशाच्या काजळीत अंग गेलं होतं, चेहरा गेला होता. वाकड्या नाकाचा शेंडा तेवढा तांबूस उरला होता.

"एवढंच," मी म्हणाले.

तिने फडकं पुन्हा बादलीत बुडवलं, न पिळता बाहेर काढलं आणि त्या नाकावर दाबून धरलं.