टेंभी नाक्याचं कुंकू

रिक्षा देवराजा मार्केटकडे वळणार, तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "इधर से नहीं, आगे वन-वे है. पीछे के गेट पे लो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आमच्या डोंबिवलीत फडके रोडवरून टिळकनगरला जायचं तर या माणसाला अजून मला विचारावं लागतं, डावीकडे की उजवीकडे. आणि म्हैसूरात मागचं गेट ठाऊक?

"तुम्हाला हो काय माहीत?"

"अगं, ऑडिटला यायचो ना. ऐकलेलं."

ऑडिटला यायचे हे खरंच. मुलगा शाळेत असताना ओळीने सहा वर्षं, ऐन नवरात्रात, कंपनीच्या सहामाही ऑडिटसाठी ह्यांना, म्हणजे विश्रामरावांना, म्हैसूरला जावं लागायचं. परत आले की तोंड एवढंसं करून सांगायचे, खोलीत ढेकूण, जेवायला नुसता चिंचेचा कोळ आणि भात, दिवसभर फायली, गावात बघण्यासारखं काही नाही. मला पोटातून कळवळा यायचा. दारातून आत आले की मी मऊ भात, मेतकूट, वर तूप, भाजलेला पापड असं पुढ्यात ठेवायची. हेही दोनदा मागून घ्यायचे. येताना माझ्यासाठी एक चंदनाचा साबण आणायचे. त्याचं कागदी वेष्टनसुद्धा मी वर्षभर साड्यांच्या घडीत जपायची, इतकी मी मूर्ख.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून साकेतने, म्हणजे आमच्या मुलाने, सप्टेंबरात ट्रिप काढून द्यायची ठरवली. सून श्रिया म्हणाली, आई, तुम्ही सांगाल तिथे. मी म्हैसूर सांगितलं. ज्या गावात आमच्या ह्यांचे इतके हाल झाले ते गाव एकदा बघायचंच होतं मला. हे म्हणाले, केरळला जाऊ. मी ऐकलं नाही. फक्त घट बसायच्या आधी परत यायचं, एवढी एकच अट घातली.

पहिले दोन दिवस मी नुसती हरखून गेले. लक्ष्मीपुरमच्या रस्त्यांवर दुतर्फा जुने बंगले आणि झाडांची सावली. एका लहानशा खानावळीत केळीच्या पानावर लोण्याचा गोळा ठेवलेला मऊसूत डोसा आला. मी एक खाल्ला. ह्यांनी तीन खाल्ले, वर कॉफी मागवली आणि पोऱ्याला सांगितलं, "स्ट्राँग, शक्कर कम." चिंचेचा कोळ कुठे दिसला नाही. ढेकूणही दिसला नाही. मी म्हटलं, गाव सुधारलं असेल. चाळीस वर्षांचा विश्वास असा चटकन जात नाही हो, तो आपणच शिवून शिवून वापरत असतो.

तिसऱ्या दिवशी मार्केटात शिरलो. मोगऱ्याचे गजरे हातावर मोजून देणाऱ्या बायका, केळ्यांचे घड, आणि मग कुंकवाची गल्ली. पितळी ताटांत रंगांचे उंच सुळके रचलेले. लाल, केशरी, पिवळा, आणि एका कडेला काळपट डाळिंबी. त्या डाळिंबीपाशी माझे पाय थांबले.

"अहो, हे बघा. सासूबाईंचं टेंभी नाक्याचं कुंकू!"

आता हे सांगायला हवं. हे ऑडिटला गेले की सासूबाई त्याच नवरात्रात लेकीकडे, ठाण्याला जायच्या. वन्संचं घर टेंभी नाक्याजवळ. तिथली देवी, तिथली गर्दी, तिथली आरती बघायची सासूबाईंना भारी हौस. जाताना मला म्हणायच्या, "मंदा, घट तुझ्या हाती सोपवून जातेय. आता तूच या घरची लक्ष्मी." घटाशेजारी नऊ दिवस अखंड दिवा. तो विझू द्यायचा नाही, घर बंद करून उंबऱ्याबाहेर जायचं नाही. मी दर तीन तासांनी तेल घालायची, वात पुढे सारायची. आणि छातीही फुगायची माझी, की इतक्या विश्वासाने सोपवलंय. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सासूबाई परत यायच्या तेव्हा कागदाची पुडी हातावर ठेवायच्या. "टेंभी नाक्याच्या देवीचं कुंकू गं. तुझ्यासाठी मुद्दाम मागून आणलं." काळपट डाळिंबी, जरा खरखरीत, कापराचा वास असलेलं. तसलं कुंकू मला ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठल्याच दुकानात मिळालं नाही. मी ते वर्षभर पुरवून लावायची.

मी ताटातली चिमूट उचलून हुंगली. तोच कापूर.

"असेल, इकडून माल जात असेल ठाण्याला," हे म्हणाले आणि पुढे चालू लागले. कान मात्र लाल झाले होते. ते मी ऊन म्हणून सोडून दिलं.

मला खरेदी एकच करायची होती. वन्संच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात लाकडी बाहुल्या आहेत, तांबूस लाकडाच्या, राजा-राणीची जोडी आणि बरोबर इतर चार. मला त्या फार आवडायच्या. ठाण्याच्या प्रदर्शनात घेतल्या, असं वन्संनी सांगितलेलं. हॉटेलातल्या मुलीने सांगितलं की तसल्या बाहुल्या इथल्याच, दसऱ्याला घरोघरी मांडतात. श्रियासाठी एक जोडी न्यावी म्हणून मी अग्रहार नावाच्या भागातल्या दुकानाचा पत्ता घेतला होता.

"तिथे काही नाही गं," हे म्हणाले. "पाय दुखतायत. हॉटेलवर जाऊ."

"तुम्ही जा. मी जाऊन येते."

मग मात्र हे मुकाट्याने मागून आले. एकटीला सोडायची भीती का वाटली, ते दहा मिनिटांत कळलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. आत एक म्हातारी बाई नाकात दोन्हीकडे चमक्या घालून बसलेली. तिने मान वर केली, चष्मा सारखा केला आणि तिचा चेहरा उजळला. माझ्यासाठी नव्हे, ह्यांच्यासाठी.

"सर! कितना साल हो गया! अम्मा कैसी हैं?"

हे पायरीवरच्या बाहुल्या निरखू लागले. म्हातारी हात हलवत माझ्याकडे वळली. "इनकी अम्मा, बहन, हर दसरा आते थे. पहले जुलूस देखते, फिर इधर. हर साल एक बोम्बे, एक गुड़िया लेते थे. पहले राजा, दूसरा साल रानी. छह साल, छह बोम्बे." तिने बोटं वर केली. एका हाताची पाच आणि दुसऱ्याचा अंगठा.

वन्संच्या कपाटातल्या बाहुल्या मी कितीदा पुसल्या होत्या. सहाच होत्या.

"आप?" म्हातारीने विचारलं.

"मी यांची बायको," मी मराठीतच म्हणाले. तिला कळलं.

"अच्छा, भाभी!" ती हसली, अगदी निर्मळ. "मैं हर बार बोलती थी, भाभी को भी लाओ. सर बोलते थे, उनको घूमने का शौक नहीं."

मला फिरायची आवड नाही. मी, जी माथेरानच्या पुढे कधी गेले नाही कारण कोणी नेलंच नाही, त्या मला आवड नाही! म्हातारीने मला बघायला दिलेली राणी मी हळूच खाली ठेवली, कारण फेकली असती तर त्या गरीब बाईचं नुकसान झालं असतं.

बाहेर पारावर बसले. हे शेजारी उभे राहिले, शाळेत छडी खायला उभं राहतात तसे.

"आईची इच्छा होती गं, दसरा बघायची. कंपनीचं गेस्ट हाऊस होतं, ऑडिट तीन दिवसांचंच असायचं. ताई म्हणाली मीही येते."

"आणि मी?"

"घट होता ना घरात. कोणीतरी थांबायला हवंच होतं."

"एखाद्या वर्षी वन्संनी थांबायचं होतं. त्यांच्या सासरी तर घटच नाही."

"माहेरवाशीण ती. तिला कसं सांगणार? आणि तुला सांगितलं असतं तर उगाच वाईट वाटलं असतं. म्हणून आईच म्हणाली, टेंभी नाका सांगू."

वाईट वाटू नये म्हणून. केवढी माझी काळजी! तरी हे सगळं मी एक वेळ गिळलंही असतं. डोसे खाल्ले, हत्ती बघितले, बाहुल्या घेतल्या, माझ्या कपाळाला बाजारातलं कुंकू देवीचं म्हणून लावलं. चार शिव्या घातल्या असत्या आणि घरी गेले असते. पण एक वर्ष माझ्या डोक्यात येऊन उभं राहिलं.

"साकेत दहावीत होता तेव्हाही तुम्ही तिघं इथे होता?"

ह्यांनी मान खाली घातली.

त्या वर्षी, पाचव्या माळेला, माझ्या भावाचा, प्रशांतचा कल्याणहून फोन आला. बाबांना दवाखान्यात ठेवलंय, सारखं तुझं नाव घेतायत, येऊन जा. डोंबिवलीहून कल्याण म्हणजे दोन स्टेशनं. साकेतची शाळा, क्लास, दिवा त्याच्यावर सोडणं शक्य नव्हतं. मी वन्संच्या घरी फोन लावला, सासूबाईंना एक दिवस पाठवा म्हणून. वन्संच्या यजमानांनी उचलला. म्हणाले, "त्या दोघी टेंभी नाक्याला गेल्यात. गर्दीत आहेत. निरोप देतो." संध्याकाळी ह्यांचा एसटीडी आला. "मंदा, आईला एवढ्या गर्दीतून परत आणणं बरं नाही. दिवा सोडू नकोस. दसऱ्याला जा की बाबांकडे."

आमची बिल्डिंग ज्यांच्या जमिनीवर उभी आहे, त्या सगुणाकाकू खाली राहायच्या. घटासाठी शीळफाट्याकडच्या शेतातली काळी माती दरवर्षी त्याच आणून द्यायच्या. त्यांनी मला रडताना पाहिलं. म्हणाल्या, "जा गो बाय, बापाला बघून ये. दिव्याजवल मी बसतंव." आणि मी नको म्हणाले. त्यांच्या शेतातली माती चालायची, पण त्यांच्या हातचं तेल सासूबाईंना चाललं नसतं. हा माझा गुन्हा, तो मी कोणावर ढकलत नाही.

दसऱ्याला सोनं घेऊन मी कल्याणला गेले तेव्हा आदल्या रात्रीच बाबांची वाचा गेलेली होती. नुसते बघत होते. त्यांना मला काय सांगायचं होतं ते त्यानंतरच्या चार महिन्यांत त्यांना कधीच सांगता आलं नाही. आणि मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आले की सासूबाई तरी काय करणार, म्हातारं माणूस, गर्दीत अडकलेलं.

"एसटीडी कुठून केलात?" मी विचारलं.

"अगं, आता ते कशाला..."

"कुठून?"

"राजवाड्यासमोरून. रोषणाई बघायला उभे होतो."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. ह्यांना वाटलं, चार दिवसांत निवळेल. घरी आल्यावर म्हणालेसुद्धा, "आता आईही नाही. झालं गेलं ते सोड ना."

मी सोडलं नाही. प्रतिपदेच्या सकाळी दर्शना, सगुणाकाकूंची सून, माती घेऊन वर आली. "मावशी, माती आनलीय, कुठं ठेवू?" मी तिला देवापाशी बसवलं. "घट आज तू मांड." ती दचकली. मग पदर खोचून तिने माती पसरली, धान्य पेरलं, कलश ठेवला, आणि दिव्यात पहिलं तेल तिनेच घातलं. सासूबाई तसबिरीतून बघत होत्या. बघू देत.

दर्शना खाली गेल्यावर मी आतून बॅग आणली. हे पेपर वाचत होते.

"तेलाचा डबा देव्हाऱ्याखाली आहे. दर तीन तासांनी. वात काडीने पुढे सारायची, बोटाने नाही, भाजतं. घर बंद करून बाहेर पडायचं नाही. मेतकूट फडताळात, मऊ भाताला तीन शिट्ट्या."

"तू कुठे चाललीस?"

मी उत्तर न देता फोन उचलला आणि त्यांच्यासमोरच वन्संना लावला. "वन्सं, मंदा बोलतेय. हे मला शोधत फोन करतील. तुम्ही एवढंच सांगायचं, ती टेंभी नाक्याला गेलीय, गर्दीत आहे. जमेल ना? तुमच्या घरी सवय आहे." आणि मी फोन ठेवला.

मी चप्पल घातली. हे दारापर्यंत आले, चेहरा पांढराफटक.

"मंदा, खरं सांग. म्हैसूरला चाललीस? कल्याणला? परत येणार आहेस ना?"

"टेंभी नाक्याला," मी म्हटलं. "आत जा. दिवा एकटा आहे."