सुम्बीची चटई

दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत सुम्बी चर्चमागच्या खोलीत शिरली, तेव्हा तिथे बसलेल्या पाचही पुरुषांनी तिच्या मागे दाराकडे पाहिलं.

"नवरा बाहेर उभाय का? लाजत असेल तर हाताला धरून आणा, बाई," त्यांच्यातला आ हुआत नावाचा शिंपी म्हणाला.

"नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पिणारी मी आहे. सरका जरा."

सरकले बिचारे.

ही खोली काही सुखासुखी सापडली नव्हती. दवाखान्यातल्या नर्सने दिलेला पत्ता जुना निघाला, आणि बाजारात विचारावं तर लोक दात काढत. पण सुम्बी इरेला पेटली होती. गेल्या गावाईच्या, सुगीच्या सणात ती तर्र होऊन, नात पाठीशी बांधलेली असताना, घाटाच्या पायऱ्यांवरून नदीत गेली होती. पोर वाचली ती कुणीतरी केसांना धरून ओढली म्हणून. त्यानंतर सुम्बीने नऊ वेळा सोडली आणि नऊ वेळा पुन्हा धरली. एकटीच्याने हे होत नाही, एवढं तिला पुरतं कळून चुकलं होतं.

"दर शनिवारी येत जा," शिंपी म्हणाला.

"चार तासांची बोट आहे हो. परतीची मिळते ती दुसऱ्या दिवशी."

"मग तिकडेच बैठक सुरू करा. दोन माणसं पुरतात."

"दोन!" सुम्बी खो खो हसली. "आमच्या लांबघरात एका छपराखाली बावीस बिऱ्हाडांची बावीस दारं आणि तांदळाच्या तुआकचे बावीस रांजण. पितात सगळे, पण दारुडी म्हणाल तर मी एकटीच!"

तरी घरी येऊन तिने चटई टाकलीच. लांबघराची ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, पण ज्याच्या दारापुढचा तुकडा त्याचा. तिथून उठवायची कुणाची टाप नाही. रोज दुपारी तीन वाजले की ती बसे आणि खणखणीत आवाजात सांगे, "ज्यांना सुटत नाही त्यांनी या!" कोण येतंय डोंबल!

"काय गं, आज कोण आलं? मांजर?" भावजय विचारी.

"हो, मांजर आलं. त्याला तुमच्यासारखी खोटी लाज नाही."

सण चार दिवसांवर आला तशी शेजारच्या दारातून उन्तिंग बाहेर आला. लांबघराचा मुखिया तो. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे.

"सुम्बी, गुंडाळ हे. पाहुणे दारोदार तुआक घेत येणार, आणि तुझ्या दारात काय देणार?"

"कॉफी."

"अख्ख्या घराची अब्रू घालवणार तू!"

"मी नातीसकट नदीत गेले तेव्हा कुठे होती अब्रू, दादा? तेव्हा तर सगळे हसलात."

"आणि पुढे केलेला पेला नाकारलास तर बाधा होते, ठाऊक आहे ना? साप डसेल."

"डसू दे. त्याला मी सोसायला हवी."

बोलली खरी तोऱ्यात, पण आतून टरकली होती. सणाचे दिवस एकटीने काढायचे म्हणजे दहाव्यांदा पडणं आलंच, आणि या खेपेला उठवणार नाही हे ती जाणून होती.

सणाच्या सकाळी पाहुण्यांची रांग वाजतगाजत आली. सगळ्यांदेखत उन्तिंगने स्वतःच्या हाताने पेला भरला आणि तिच्या तोंडापुढे धरला. तो वास! तिच्या तोंडाला पाणी सुटलं, जीव सगळा पेल्यात गेला. मेली ही तुआक, आणि मेले हे लोक, असं तिला वाटलं. तिने बोट पुढे केलं, पेल्याला बाहेरून लावलं आणि तेच बोट आपल्या गळ्याला टेकवलं.

"झालं. बाधा टळली. रीत शिवायची आहे, प्यायची नाही."

"अगं, ती लहान पोरांची आणि पोटुशींची रीत!" भावजय ओरडली.

"मग समज मला लहान पोर. हसा लेको, पोटभर हसा."

सगळे हसलेही. तेवढ्यात तिला दिसलं, पेला हिंदकळत होता. तुआक उन्तिंगच्या मनगटावरून ओघळत होती. ती थरथर सुम्बीला चांगली ओळखीची होती.

"दादा, हात का कापतोय? सकाळपासून घेतली नाही वाटतं?"

उन्तिंगचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने पेला स्वतःच्याच तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. हात कापायचा थांबला, ते सगळ्यांनी पाहिलं. तो पुढच्या दाराकडे वळला.

सण सरला. सुम्बी कोरडीच राहिली होती, पण कशी ते तिचं तिला माहीत. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी तीन वाजता उन्तिंग बाहेर आला आणि तिच्या चटईला वीतभर अंतर सोडून, तिच्याकडे पाठ करून बसला.

"मी तुझ्या बैठकीला आलेलो नाही," तो म्हणाला. "माझ्या दारात बसलोय."

"बसा की. दार तुमचंच आहे."

त्याने ओसरीच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं. मग तो पुटपुटला, "पहाटे डोळा उघडला की आधी ती लागते. चार वर्षं झाली. बायकोलाही ठाऊक नाही."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने!"

"हळू बोल गं! घरभर ऐकू जाईल."

"जाऊ दे!" सुम्बी म्हणाली. "मी पाण्यात पडले तेव्हा घरभर ऐकू गेलं होतं. आता आपण दोघं उठतोय, तेही ऐकू दे की त्यांना."