प्लगातली जाड पिन

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पिन आहे. सोलापुरातल्या एका मठात ॲम्प्लिफायरच्या प्लगात माझं घर आहे. माझ्या दोघी बहिणी बारीक, मी जाड आणि उंचही. बोर्डात मी सगळ्यांच्या आधी शिरावं म्हणून कारागिराने मला मुद्दाम तसं घडवलं. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती हिरव्या तारेतून जमिनीत नेऊन सोडायची, एवढंच माझं काम.

खरं सांगते, अशी वीज वर्षानुवर्षं उतरतच नाही. बहिणी राबायच्या आणि मी नुसती ऐटीत उभी. तरी मठाचा साउंड सांभाळणारे मल्लप्पा मला कधी विसरले नाहीत. मागच्या अंगणात मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डा आहे. भर उन्हाळ्यात, नळाला पाणी चार दिवसांनी येत असतानाही, ते त्यात बादलीभर पाणी ओतायचे. जमीन ओली राहिली की माझी वाट मोकळी राहते. त्या पाण्याचे उपकार मी कशी विसरेन?

दर सोमवारी सकाळी मठाची फरशी धुतात. मग नागव्वा आजी अनवाणी येतात, लोखंडी माइक हातात धरतात आणि संतांची कानडी वचनं म्हणतात. सत्तरी ओलांडली त्यांनी, पण आवाज असा की दारातली फुलवाली हार ओवायची थांबते. मलाही तो फार आवडतो.

दोन वर्षांपूर्वी, परगावच्या लोकांना हे गाणं मोबाइलवर ऐकता यावं म्हणून मठात कॉम्प्युटर आला. तो समोरच्या भिंतीतल्या बोर्डावर लावला आणि लांब वायरीने ॲम्प्लिफायरला जोडला. त्या दिवसापासून स्पीकर घूंऽऽ करू लागला. मठाचे कारभारी वीरभद्रप्पा वैतागले. "मल्लप्पा, आमी वचन ऐकायचं का ही घुरघुर?"

मल्लप्पांनी वायरी बदलल्या, माइक बदलला, घुरघुर काही हटेना. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी प्लग उघडून मलाच काढलं. घुरघुर लगेच थांबली. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली आणि मी जाऊन पडले स्क्रूच्या डब्यात. राग आला मला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या पावसाळ्यात ॲम्प्लिफायरला ओल लागली आणि थोडी थोडी वीज पत्र्यात उतरू लागली. कॉम्प्युटरच्या वायरीतून ती कशीबशी जमिनीत जायची, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. श्रावणातल्या एका सोमवारी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला आणि तीही वाट बंद झाली. आजींनी ओल्या फरशीवर उभं राहून माइक धरला, आणि पत्र्यातली वीज माइकच्या वायरीतून त्यांच्या अंगात शिरली. क्षणात माइक हातातून उडाला आणि त्या मागे कोसळल्या. मल्लप्पांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. आजी थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. मी डब्यात पडून सगळं ऐकत होते. माझा सगळा राग तिथेच गळाला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

आजी बऱ्या झाल्या, पण माइकला हात लावेनात. "बेड रे मल्लप्पा, नको आता. ह्या वयात लई भ्या वाटतं," त्या कानडी मिसळत म्हणाल्या. तीन सोमवार मठ मुका राहिला. आता त्या पुन्हा कधी गाणारच नाहीत, असं सगळे धरून चालले होते.

मग आजींची भाची चंद्रिका आली. ती मुलांना वायरमनचं काम शिकवते. तिने प्लग हातात घेतला आणि विचारलं, "मामा, जाड पिन कुठंय?"

'पडली असंल,' म्हणून मल्लप्पांना सुटता आलं असतं. पण ते म्हणाले, "मीच काढली, पोरी. घुरघुर जाईना म्हणून. अक्काचा जीव मी..."

"आधी पिन बसवा मामा. घुरघुरीचं मग बघू की," चंद्रिका म्हणाली.

मल्लप्पांनी मला चिंचेने घासून लख्ख केलं आणि जागेवर बसवलं. ॲम्प्लिफायर दुरुस्त झाला. दुरुस्त होऊन आलेला कॉम्प्युटरही चंद्रिकाने त्याच्याच बोर्डावर घेतला. "दोन बोर्डांचं अर्थिंग दोन वाटांनी येतं, आणि मधल्या वायरीतून वीज गोल फिरत बसते. तेच घुमत होतं," तिने समजावलं. आवाजाची वायर तिने विजेच्या वायरीपासून लांब नेली. मी जागेवर असूनही घुरघुर गेली.

सोमवारी चंद्रिकाने सगळं तपासलं. मग मल्लप्पांनी दारात चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर उभं राहून माइक मुठीत धरला. "अक्का, बघा. आधी मी धरलाय."

आजी दोन पावलं पुढे आल्या. "आन् परत घुरघुर आली तर?"

"तर घुरघुरीसकट म्हणायचं. पिन न्हाय काढणार मी."

आजी हसल्या, त्यांनी माइक घेतला आणि त्या गायल्या. मल्लप्पा खांबाआड जाऊन डोळे पुसत होते. चिंचेने घासणाऱ्या त्या हातांची आणि खरं बोललेल्या त्या तोंडाची मी कायमची ऋणी आहे.

मित्रांनो, आवाज घुमला तर त्याचं कारण शोधायला जाणकार माणूस बोलवा, मला काढू नका. एखाद्या प्लगात जाड पिन दिसली नाही, तर स्वतः हात न लावता घरातल्या मोठ्यांना सांगा. तुमच्याही घरात कुणीतरी ओल्या पायांनी, गुणगुणत बटणाकडे जात असेल. त्या माणसासाठी एवढं करा.