पातळ राब

विनिता ‘हो आई’ म्हणाली की समजायचं, ही आता आपल्या मनासारखंच करणार. लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय. उलट बोलणारी सून परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. हिच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीला ओरबाडायचं.

त्या दिवशी सकाळी मी राबात काठी खुपसली, तर ती सरळ जमिनीला टेकली.

“नवशा, शेण कुठाय रं?”

नवशा अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. फांद्या तोडून आणायला आणि राब रचायला दर उन्हाळ्यात तोच येतो. त्यानं एकदा माझ्या सुनेकडं बघितलं आणि मग स्वतःच्या पायांकडं.

राब म्हणजे काय, हे आता आमच्या खारबावातल्या पोरांनाही सांगावं लागतं. भाताचं बी ज्या तुकड्यात पेरायचं, तिथं आधी शेण पसरायचं. त्यावर फांद्या, त्यावर सुक्या पानांचा पातेरा आणि पेंढा, वरून थोडी माती, आणि पेरणीच्या आधी ते सगळं जाळायचं. तण मरतं, जमीन तापते, राखेवर रोप तरारून येतं. माझी सासू असंच करायची, तिची सासूही. पण शेणाचा थर जाड हवा. शेण आगीला दाबून धरतं, धुमसत ठेवतं. थर पातळ पडला की आग पळते.

“शेण मी खड्ड्यात टाकलं,” विनिता म्हणाली. “निम्मंच टाकलं, आई.”

गोठ्यात उरलीये एक म्हैस. तिचं वर्षभराचं शेण मी थापून, राखून ठेवलेलं. आणि हिचा तो खड्डा! शेजारच्या गोडाऊनच्या भिंतीअलीकडं, बांधाला लागून. त्यात पाचोळा, भाजीची देठं, सुक्या मासळीची डोकी, वरून रोजचं भांड्यांचं पाणी. ओल्या गोणपाटांखाली झाकून ठेवलेला, जणू आत पोर निजलंय. मी नको म्हटलं होतं. ती ‘हो आई’ म्हणाली होती.

“जाळलं की शेणातलं नत्र धुरासंगं उडून जातं,” ती म्हणाली. “कुजवलं तर मातीत राहतं. बचत गटात बाई आलेल्या, त्यांनी सांगितलं.”

“नत्र म्हंजे काय कावळा हाय उडून जायला? मग इतकी वर्षं आम्ही काय खाल्लं, धूर?”

“मग दरसाल युरियाच्या गोणी कशाला आणाव्या लागतात, आई?”

हे तिनं हळूच विचारलं. हळू बोललेलं जास्त झोंबतं. मग मी तिचं माहेर काढलं. टेमघरची, पावरलूमवाल्याची लेक, हिच्या घरात मातीची कुंडी नव्हती, ही मला शेत शिकवणार! ती मान खाली घालून उभी, मी बोलतेय. नवशानं दोनदा सांगितलं, “बाय, पेटवायचं तर आता पेटवा, ऊन चढलं.” मी त्यालाही गप्प केलं.

राब सकाळीच पेटवतात त्याला कारण आहे. सकाळी वारा डोंगराकडून येतो. म्हणून खाडीच्या बाजूनं काडी लावायची. आग वाऱ्याला तोंड देत पुढं सरकते, गोगलगायीसारखी. दुपारी खाडीकडचा वारा सुटतो आणि सगळं उलटं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण भांडण अर्धं टाकून उठायचं कुणी? मी तर नाहीच.

काडी लावली तेव्हा सावली पायाखाली आली होती.

राबाच्या पुढं, डोंगराच्या अंगाला खड्डा, खड्ड्याच्या पुढं गोडाऊन. तेही आमचंच, माझ्या दोन शेतांवर उभं केलेलं आणि भाड्यानं दिलेलं. आत कसले कसले ड्रम ठेवतात. एकदा ट्रकवाला मला म्हणाला होता, “माताजी, इसके पास बीडी भी मत पीना.” मी कुठली बिडी पितेय! पण तेव्हापासून त्या भिंतीजवळून जाताना मी पाय उचलून चालते. माझा मुलगा प्रितम तिथंच रात्रीची ड्युटी करतो.

आग नीट सरकत होती. माझा पदर वाऱ्यानं पाठीमागं फडफडत होता. तो एकदम पडला. पानही हलेना. आणि मग तोच पदर पाठीकडून उडून माझ्या तोंडावर आला.

“बाय, वारा फिरला!” नवशा ओरडला.

आगीनं मान वर केली. पातळ राब तो, तिला धरणार कोण? पातेऱ्यावरून ती धावली आणि बांधावरच्या वाळल्या गवताला जाऊन भिडली.

“आई,” विनिताचा आवाज चिरकला, “हे आत हायेत!”

“आत कुठं? तो भिवंडीला गेलाय ना?”

“न्हाय गेले. जेवून परत गेले झोपायला. आत पंखा मोठा हाय म्हणून. शटर आतून लावतात.”

तिनं मोबाईल लावला. बंद. नवशा वळसा घालून रस्त्याच्या बाजूला पळाला आणि शटरवर दगड आपटायला लागला. धाड. धाड. आतून काही नाही.

मी आगीला कधी भ्याले नाही. चुलीपुढं जन्म गेला. पण त्या दिवशी भ्याले. धुरातून गोडाऊनच्या भिंतीवरची हवेची जाळी दिसत होती आणि ठिणग्या तिच्याच दिशेनं उडत होत्या. एक आत गेली तर? बिडीएवढीच तर असते ठिणगी.

विनितानं खड्ड्यावरची ओली गोणपाटं ओढली आणि गवतावर झोडायला लागली. उघड्या खड्ड्यातून भसकन वाफ आली.

“तुझा खड्डा पेटला गो!”

“पेटला न्हाय, कुजतोय! हात घाला, आई!”

मी हात घातला. वेळलेल्या भातासारखं ऊन, ओलं, काळं. घमेलं एकच, ते तिच्याकडं. मी पदरात भरलं, ओंजळीनं फेकलं. आगीवर पडलं की चर्र व्हायचं, घाण वास सुटायचा आणि तेवढा तुकडा काळा व्हायचा. पुन्हा वाकायचं, पुन्हा भरायचं. कानात फक्त ते धाड धाड. ते चालू आहे तोवर प्रितम उठलेला नाही.

आणि ते थांबलं.

विनिता घमेलं धरून तशीच उभी राहिली. धुरात काही दिसेना. शटर उघडलं की नवशानं हात टेकले? मी तिच्याकडं बघितलं नाही, तिनंही माझ्याकडं नाही. आम्ही दोघी खड्ड्याशी वाकलो आणि फेकत राहिलो, कारण दुसरं काही करायचं म्हटलं असतं तर मी तिथंच बसले असते.

मग भिंतीच्या कोपऱ्यावरून खोकला ऐकू आला. बनियन, कमरेला टॉवेल, अर्धे डोळे मिटलेले.

“काय लावलंय तुम्ही?” प्रितम म्हणाला. “जरा झोपू देत न्हाय.” आणि मग त्यानं भिंत बघितली. गुडघ्याएवढी काळी झालेली.

नंतर नवशानं आणि त्यानं उरलेलं विझवलं. मी बांधावर बसले. अर्धा राब पांढऱ्या राखेचा, अर्धा कच्चा. खड्डा तळापर्यंत रिकामा. धूर स्टेशनच्या दिशेनं चालला होता. जन्मभर हा धूर बघितला, त्यातून काय जातं हे मी कधी विचारलं नव्हतं.

विनितानं पाण्याचा तांब्या आणून दिला. माझ्या हातात तो दातांवर वाजायला लागला. तिनं खालून तळाला हात लावला आणि दुसरीकडं बघत राहिली. पाणी संपेपर्यंत बघत राहिली.

तांब्या परत देताना तिचे तळवे दिसले. भाजून लाल झालेले. माझे पदराखाली होते.

“शेण चोरलंस, माझा राब बिघडवलास,” मी म्हटलं. “आणि खड्डा खणला तो केवढा, वाटीएवढा! पुढल्या साली मोठा खण. आणि मला ‘हो आई’ म्हणू नको. खण.”