फायलीतला बोकड

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आधीच सांगतो," लोणकढ्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि समोरच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा मला वेड्यात काढलं होतं. पण बोकड खरा होता."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थबकली. हे लिहायचं की नाही, म्हणून त्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं. मधल्या खुर्चीतल्या अध्यक्षबाईंनी मान हलवली. लिहा.

लोणकढे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रोज एक तरी लोणकढी थाप मारल्याशिवाय हा माणूस जेवत नाही, असं पलटणीत सगळे म्हणत. तेव्हा पडलेलं नाव निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलं.

दुखापतीबद्दलच्या अपिलाची ही शेवटची पायरी होती. टेबलामागे अध्यक्षबाई, त्यांच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त कर्नल. लोणकढ्यांच्या मागं भिंतीलगत दोन खुर्च्या. एकीवर त्यांची बायको, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. दुसरीवर तिचा धाकटा भाऊ. हा मेव्हणाही त्यांच्याच पलटणीतला, चालक. तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही म्हणून त्याला पदक मिळालं होतं, आणि आता त्याची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती. लिफ्ट बंद असल्यामुळं सकाळी त्यानंच लोणकढ्यांना काखेत धरून दोन मजले चढवून आणलं होतं.

"बसून बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसलो की उठवायला दोन माणसं लागतात, बाई. उभाच बरा आहे."

हे मात्र खरं होतं. कण्यातली जुनी दुखापत आता गुडघ्यांच्या खाली उतरली होती. चप्पल पायात आहे की सुटली, हे त्यांना खाली पाहिल्याशिवाय कळत नसे. ऑपरेशन लष्करी रुग्णालयातच होण्यासारखं होतं, आणि दुखापत कामावर झाली असं कागदावर आलं तरच तिथलं दार उघडणार होतं. नाहीतर फार तर एक वर्ष, मग चाकाची खुर्ची. बाहेरच्या डॉक्टरनं हे बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

टेबलामागच्या डॉक्टरांनी फाइल पुढं ओढली.

"रुग्णालयाची पहिली नोंद अशी आहे. सुट्टीवर असताना, तळाबाहेर, बोकडानं पाठीत धडक दिली. पहिल्या अपिलात हा बोकड एका डोळ्यानं आंधळा झाला. दुसऱ्या अपिलात दोन बोकड आले. दर सुनावणीला तुमचा कळप वाढतोय."

"त्या भागात चारा चांगला होता, डॉक्टर."

कर्नलांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"हे बघा, आमच्यापुढं तीनच प्रश्न असतात. दुखापत आहे का? आहे. नोकरीत असताना झाली का? झाली. कामामुळं झाली का? इथं जरा जरी शंका असली तरी ती सैनिकाच्या बाजूनं धरायची, असा आमचा नियम आहे. पण तुम्ही आम्हाला शंका घ्यायलाही जागा ठेवत नाही. अपील करायचं आणि स्वतःच ते पाडायचं, असा माणूस मी बावीस वर्षांत पाहिला नाही."

"अपील हिनं केलंय. माझी फक्त सही."

बायकोनं पिशवीचे बंद घट्ट केले.

कर्नलांनी एक पिवळा पडलेला कागद काढला.

"त्याच दुपारी तुमच्या तळावरची एक गाडी नाल्यात उलटलेली सापडली. टपाल आणायला निघालेली, म्हणजे कामावरची. आत माणूस नव्हता. दारूची बाटली होती. नोंदवहीत चालकाचा रकाना कोरा." त्यांचा आवाज खाली आला. "'त्या गाडीत मी होतो', एवढं म्हणा. लगेच दुखापत कामावरची ठरते."

"आणि चालवत कोण होतं?" हे लोणकढ्यांनीच विचारलं.

"तेही सांगावं लागेल. मग त्याची चौकशी. पेन्शन, पदक, सगळंच निघेल त्यात."

मेव्हणा मघापासून किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवत होता. तो आवाज बंद झाला.

लोणकढे खाकरले. छाती काढून उभे राहिले.

"तर बोकड. बांधावर मधोमध उभा. दाढी इथपर्यंत. शिंगं अशी, की दोन चादरी वाळत घालाव्यात. मी म्हटलं, हा कुणीतरी वरिष्ठ असणार. सलाम ठोकला. त्यानं घेतला नाही. म्हटलं, मोठ्या माणसांचं असंच असतं. मी वळलो, आणि तेवढ्यात पाठीत दणका! शत्रूला पाठ दाखवायची नाही असं आम्हाला शिकवतात, कर्नलसाहेब. तेवढं एकदाच विसरलो."

त्यांचा उजवा गुडघा थरथरायला लागला होता. काठी टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होती. त्यांनी तिच्यावर तळहात दाबून धरला.

मेव्हणा अर्धवट उठला. "दाजी, बसा ना. राहू दे आता."

"तू गप बस," लोणकढे मागं न पाहता म्हणाले, तेही हळूच, झोपलेल्या पोराला म्हणावं तसं.

"म्हणजे त्या गाडीत तुम्ही नव्हता," अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नव्हतो."

"नीट विचार करून सांगा. यानंतर अपील नाही."

"नव्हतो, बाई."

"लिहून घ्या." त्यांनी फाइल मिटली. टाइपाचा खडखडाट सुरू झाला.

"खोटं आहे."

आवाज मोठा नव्हता. तरी सगळेच दचकले, कारण त्या खुर्चीतून सकाळपासून एक शब्द आला नव्हता. बायको उठून उभी होती. पिशवी खाली पडली होती आणि तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"अगं, खाली बस तू," लोणकढे गोंधळून म्हणाले.

तिनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. ती डॉक्टरांशी बोलत होती.

"हे रुग्णालयातून घरी आले, तेव्हा यांच्या पाठीतून काचा निघायच्या. बारीक बारीक. वर्षभर निघत होत्या. चिमट्यानं मीच काढल्या. बोकडाच्या अंगावर काच असते का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. टाइपाचा आवाज थांबला.

"हिचं काही ऐकू नका," लोणकढे म्हणाले. "बाई, हिला काही माहीत नाही."

"आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. मी वाढवला." तिनं शेजारच्या खुर्चीवरच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई," तो म्हणाला.

"त्याच महिन्यात हा रजेवर आला होता," ती म्हणाली. हात तिनं काढला नाही. "डोक्याला तेल लावायला बसवला, तर याच्याही केसांतून तसल्याच काचा निघाल्या. तेव्हा मी काही बोलले नाही. आता याला विचारा बाई, यालाही बोकडानंच मारलं होतं का."