चौथ्या कोड्यातला पाच

युवराज आणि त्याची बायको ऊसतोडीला गेल्यापासून चकलांब्याच्या त्या घरात दोनच माणसं उरली होती. युवराजची सत्तरीची आई छबुबाई आणि आंधळी बहीण वनमाला. बाराव्या वर्षी तापात वनमालाची नजर गेली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. गावातले लोक अजून तिला 'बिचारी' म्हणतात आणि तिनंच घासलेल्या कपातून चहा पितात. भांडी, धुणं, पाणी, सगळं तिच्याच अंगावर, कारण आईची वाकलेली कंबर काही सरळ होत नव्हती. दमल्याचंसुद्धा वनमालाला आता काही वाटेनासं झालं होतं.

तिचं स्वतःचं म्हणावं असं घरात एकच होतं, अंधशाळेच्या बाईंनी मिळवून दिलेलं ब्रेल यंत्र. मोबाइलला जोडलं की त्याच्या पट्टीवर बारीक टाचण्या वर येतात आणि अक्षर बोटाला लागतं. त्यावर ती रोज अंकांचं एक कोडं सोडवी. नऊ ओळी, ओळीत नऊ घरं, एक ते नऊ आकडे, आणि एका ओळीत कुठलाच आकडा दोनदा यायचा नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास ती कुणाच्या कामाची नसे.

पुण्यातल्या एका संस्थेला अंधांसाठी अशा कोड्यांची पुस्तकं काढायची होती आणि ती तपासायला माणूस हवं होतं. तिथल्या संस्कृती मॅडम फोनवर म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी पाच कोडी पाठवते. चारच्या आत परत पाठवा. एखादं चुकीचं वाटलं तर तसं लिहा." जन्मात पहिल्यांदा कुणी वनमालाला कामासाठी विचारत होतं, आणि तेही भांड्यांचं नाही.

बुधवारी संध्याकाळी छबुबाईनं लेकीच्या डाव्या हाताचं पहिलं, वाचायचं बोट पाहिलं. राखेनं आणि थंडीनं पेर उललं होतं, रक्त आलं होतं. "उद्या तुझी परीक्षा अन् बोट असलं!" म्हणत तिनं बिबा सुईला टोचला, चुलीवर धरला आणि सुटलेलं गरम तेल भेगेत भरलं. फडातल्या बायका हेच करतात. कातडं काळं पडतं, टणक होतं आणि दुसऱ्या दिवशी कोयता धरता येतो. छबुबाईनं तीस वर्षं ऊस तोडला तो याच औषधावर. चटका बसला तेव्हाच वनमालानं हात ओढून घ्यायला हवा होता, पण ती इतकी शिणली होती की आईच्या हातात हात देऊन बसल्या बसल्या पेंगली.

सकाळी बोट मुकं झालं होतं. टाचण्यांवरून फिरवलं तर नुसती खरखर लागे. उजव्या हाताला वाचायची सवयच नव्हती, म्हणून तिनं मधलं बोट लावलं. ते बिचारं कधी शाळेतच न गेलेलं भावंड, एकेका आकड्याला अडखळे. तीन कोडी होईस्तोवर दोन वाजले. चौथ्याच्या सातव्या ओळीत घोडं अडलं. ओळीत एक पाच होता. पुढं आणखी एक आकडा, दोन टिपके, तिरपे. नऊ, की पुन्हा पाचच? दोन्हींना टिपके तेवढेच, फक्त उतार उलटा, पाचाचा उजवीकडं, नऊचा डावीकडं. बोट पाच म्हणत होतं. पण नऊ धरला तर कोडं सुटत होतं. अडाणी बोटानं वाचायचं आणि कोड्याला नावं ठेवायची, म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

"ते बोट सोडून ह्येनं कावून वाचतीस?" छबुबाईनं विचारलं.

वनमालाचा तोल सुटला. "तू बिबा लावलास म्हणून! कातडं मेलंय त्याचं. मला त्या बोटानंच दिसतं, आई!"

छबुबाईनं ते काळं पडलेलं पेर चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटलं, बरं व्हईल." आवाज इतका बारीक होता की वनमालाला बोलल्याची लाज वाटली. राग मात्र गेला नाही. तीन वाजून गेले होते.

"इकडं बस. माझ्या बोटापाशी दोन टाचण्या वर आल्यात, दिसतात का?"

"मला कुठं वाचाया येतंय?"

"वाचायचं न्हाई. नुसतं बघ. वरची कुठल्या अंगाला हाय?"

छबुबाई वाकली. तिचा श्वास लेकीच्या मनगटाला लागला. "वरची डाव्या अंगाला. खालची उजव्या."

"नीट बघ, आई."

"अगं, उजवीकडं उतरतंय. म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले!" म्हणाली आणि तिनं जीभ चावली. वनमाला सकाळपासून पहिल्यांदा हसली.

पाचच होता. ओळीत दोन पाच. बोट अडाणी होतं, पण खोटं बोललं नव्हतं. 'चौथं चुकलंय, सातव्या ओळीत पाच दोनदा आलाय' असं लिहून तिनं चारला पाच मिनिटं कमी असताना पाठवून दिलं. पाचवं अर्धंच राहिलं.

दिवेलागणीला फोन आला. "चौथं आम्ही मुद्दाम चुकवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या उमेदवारांनी नऊ धरून सोडवून पाठवलं. पाचव्याचं राहू द्या. सोमवारपासून सुरू करा."

"काम मिळालं," वनमालानं आईला सांगितलं आणि सवयीनं अंगणातल्या भांड्यांकडं निघाली. छबुबाईनं तिच्या हातातला काथ्या काढून घेतला.

"ठिव ते. ह्ये हात आता राखंत घालायचे न्हाईत."

म्हातारी कण्हत उकिडवी बसली. वनमाला उंबऱ्यात बसून ऐकत राहिली. एका पातेल्याला आईला दुप्पट वेळ लागत होता. उठून ते हातातून घ्यावं असं तिला फार वाटलं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि बसून राहिली.